पात्र चुकलं की पात्र मोडलं? मालिकेवरून घरात होणाऱ्या वादाला एका संवादलेखिकेचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "ताई, आम्ही बेळगावात वडगावला राहतो. सासूबाई निपाणीकडच्या, माझं माहेर धारवाडचं. 'आई कुठे काय करते' संपून बरेच दिवस झाले, पण आमच्या घरातला वाद काही मिटत नाही. माझं म्हणणं, मालिकेतल्या नायिकेला, अरुंधतीला, लेखकांनी बिघडवून ठेवलं. नवऱ्यानं एवढं केलं, घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं, तरी हिचा पाय त्याच घरात. सासूबाई म्हणतात, 'लेकरं तिथं, म्हातारी माणसं तिथं, मग जाणार नाही तर काय करणार की ती?' हीच गोष्ट मी माहेरी कन्नडमध्येही बघितली. ती मला जास्त पटली, का ते सांगता येत नाही. वर नणंद म्हणते, विनोदी मालिकांतली माणसं वर्षानुवर्षं तीच चूक करतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही, मग अरुंधतीलाच का? आमच्यात बरोबर कोण?"

मी मूळची खानापूर तालुक्यातली. मुंबईत बरीच वर्षं रोजच्या मालिकांचे संवाद लिहिले, काही काळ पटकथाही केली. आता बेळगावात राहून एकांकिका करणाऱ्या मुलामुलींबरोबर काम करते. तुम्ही म्हणता त्या मालिकेच्या लेखनाशी माझा संबंध नव्हता, त्यामुळे आतली बातमी माझ्याकडे नाही. पण हे काम कसं चालतं आणि कुठं घसरतं, ते जवळून बघितलेलं आहे, त्यावरून सांगते.

तुम्ही आणि सासूबाई एकाच बाईबद्दल बोलताय, पण तपासताय दोन वेगळ्या गोष्टी. सासूबाई बघतात की अशी बाई असते का. असते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. अशा बायका त्यांनी निपाणीतही बघितल्या असतील आणि बेळगावातही. तुम्ही बघताय की ही बाई काल जी होती, तीच आज आहे का. पहिला प्रश्न माणसांबद्दलचा आहे, दुसरा लिखाणाबद्दलचा. पात्रानं चुकणं वेगळं आणि पात्र मोडणं वेगळं. माणसं चुकलीच नाहीत तर आम्ही लिहायचं कशावर? पण पात्र मोडतं तेव्हा ती लिहिणाऱ्यांची चूक असते. ती ओळखायची माझी खूण एकच आहे: पात्राला कालचं आठवतं का?

दर दोन भागांनी "तुम्ही माझ्याशी असं वागलात" म्हणून सुनावणं, याला मी आठवण म्हणत नाही. आठवण वागण्यात उतरावी लागते. एक प्रसंग घेऊ. हा मीच रचलेला आहे, कुठल्या मालिकेतला नाही. नवऱ्याला बीपीची गोळी चालू आहे. रोज रात्री जेवणं झाली की बायको पाण्याचं भांडं आणि गोळी त्याच्या हातात देते. तो बातम्या बघता बघता हात पुढं करतो, वर बघतही नाही. एके दिवशी तिला त्याचं बाहेरचं प्रकरण कळतं. रडारड होते, आवाज चढतात, भाग संपतो. दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं होतात. तो सवयीनं हात पुढं करतो. हात तसाच राहतो. गोळ्यांची स्ट्रिप टेबलावर आहे, शेजारी पाणीही आहे. ठेवलंय तिनंच, पण हातात दिलेलं नाही. ती ओटा पुसतेय. सासू हे बघते, काही न बोलता उठते आणि गोळी लेकाच्या हातावर ठेवते.

संवाद एकही नाही, पण कालचं तिघांनाही आठवतंय. बायकोला काळजी सोडता आली नाही, म्हणून गोळी टेबलावर आली. सेवा मात्र तिनं सोडली. इतकी वर्षं आपला हात आयता भरत होता, हे नवऱ्याला पहिल्यांदा जाणवलं. सासूनं आपली बाजू निवडली. ती निवडताना तिला अवघडल्यासारखं झालं का, ते त्या नटीच्या चेहऱ्यावर सोडून द्यायचं. ही बाई यापुढं त्याच घरात राहिली, त्याच माणसांचा स्वयंपाक करत राहिली, तरी मी तिला मोडलेलं पात्र म्हणणार नाही. पण परवाच्या भागात ती पूर्वीसारखी हसत गोळी हातात देताना दिसली आणि मधे काहीच घडलेलं नसलं, तर पात्र मोडलं. तुमच्या सासूबाई तेव्हाही म्हणतील, "बायका असंच करतात बघ की." त्यांचं म्हणणं खरं असेल, तरी तो प्रसंग चुकीचाच लिहिलेला असेल. बायका असं करतातही, पण ज्या दिवशी करतात त्या दिवशी त्यांच्या आत काहीतरी घडलेलं असतं. ते घडणं दाखवणं हेच आमचं काम.

मग हे बिघडतं कसं? मालिका एक माणूस लिहितो असं बहुतेक प्रेक्षकांना वाटतं. रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी वाटणी सर्रास असते. त्यावर वाहिनीची माणसं, निर्मात्याची माणसं आणि सेटवर एपिसोडचा दिग्दर्शक. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या तर साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग धरले तर १३२ मिनिटं झाली, म्हणजे दर आठवड्याला एका पूर्ण चित्रपटाएवढं लिहायचं, चित्रित करायचं आणि दाखवायचं. पुढच्या भागांचा साठा, ज्याला आम्ही बँक म्हणतो, तो संपत आला की सकाळी लिहिलेला सीन दुपारी सेटवर जातो. चित्रीकरण क्रमानं होत नाही. ज्या नटाच्या तारखा आज आहेत, त्याचे पुढच्या चार भागांतले सीन आजच उरकतात. अशा धावपळीत गोळी टेबलावर राहिली होती हे कोण लक्षात ठेवणार? सेटवर सीन वाचला जातो: "रात्र. जेवणं झाली आहेत. ती त्याला गोळी देते." नटी देते. पात्र तिथं मोडतं, आणि त्या खोलीतल्या कुणालाच ते कळत नाही. कळतं ते रोज रात्री बघणाऱ्या तुमच्यासारख्या बाईला, कारण सगळे भाग क्रमानं बघणारी कित्येकदा तीच एकटी असते.

आता दर गुरुवारी येणारे टीआरपी. एखादं पात्र अन्याय सहन करत असताना आकडे वर जातात आणि ते खंबीर झालं की खाली येतात असं दिसलं, तर त्याला पुन्हा रडायला लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. खलनायिकेचा कट उघडा पडला की ट्रॅक, म्हणजे कथेतला तो चालू धागा, संपतो. ट्रॅक संपला की नवा ट्रॅक बसेपर्यंत आकडे डुगडुगतात. म्हणून कट उघडा पडण्याच्या क्षणी दार वाजतं, फोन येतो, कुणीतरी चक्कर येऊन पडतं. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ अशी चालली आणि तीन हजारांवर भाग झाले. एवढ्या लांबीत पात्रांच्या आठवणी सांभाळायच्या तर कुणीतरी त्या लिहून ठेवायला हव्यात. मी प्रत्येक मालिकेला एक वही ठेवत असे. प्रत्येक पात्राचं एक पान: याला काय माहीत आहे, कुणाकडून कळलं, कुठल्या भागात कळलं, आणि ते यानं कुणापासून लपवलंय. कौटुंबिक मालिकेचा सगळा डोलारा 'कुणाला काय माहीत आहे' यावरच उभा असतो. ती वही नीट भरली तर निम्मे घोटाळे लिहायच्या आधीच पकडता येतात. नव्यानं लिहू पाहणाऱ्या मुलांना मी संवादाच्या आधी ही वही शिकवते.

ही कारणं सांगितली म्हणून प्रेक्षकांनी चालवून घ्यावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. उशीर झाला, साठा नव्हता, आकडे पडले, हे आमचे प्रश्न. तुम्ही तुमचा अर्धा तास दिलेला असतो.

पात्राच्या आठवणीचा प्रश्न टीव्हीबरोबर आलेला नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणलं. ती गोष्टच मुळी विसरण्याची आहे. महाभारतात दुष्यंत काही विसरत नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, तेव्हा सगळं ठाऊक असून तो तिला नाकारतो. कालिदासाला हा नायक म्हणून चालण्यासारखा नव्हता. त्यानं दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, ती पाण्यात हरवली, माशाच्या पोटातून मिळाली. एवढा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: नायक विसरला तर त्या विसरण्याला कारण हवं, आणि आठवल्यावर त्याची किंमत त्यानं मोजायला हवी. अंगठी सापडल्यानंतरचा दुष्यंत पश्चात्तापानं होरपळतो, तो अख्खा अंक त्यासाठीच आहे. शापाची सबब देऊन कालिदासानं राजाला वाचवलं का, हा वाद आजही घालता येतो. मला स्वतःला महाभारतातली शकुंतला जास्त आवडते. ती भर दरबारात राजाला खडसावते. पण कालिदासानं विसरण्याचा हिशेब चोख ठेवला, हे मान्य करावंच लागतं. आजच्या मालिकेत स्मृती जाते, ती अपघातानं जाते आणि नारळ डोक्यात पडून परत येते. मधल्या काळात काय गमावलं, याचा हिशेब कुणी देत नाही.

आता अरुंधतीकडे येऊ. ती 'समृद्धी'त, म्हणजे सासरच्या घरी, परत जाते, यात मला काही खोट दिसत नाही. लग्नाची पंचवीस वर्षं त्या घरात गेली. नवऱ्याचं प्रकरण तिला कळलं तेही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या वेळी. मुलं तिथं आहेत, आई-अप्पा तिथं आहेत. घटस्फोटाच्या कागदावर सही केली म्हणून सासऱ्याशी जडलेली माया तुटत नाही. इथवर मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूची. पण परत जाणारी बाई कोण म्हणून परत जाते, हे बघायला हवं. घटस्फोटानंतरची अरुंधती दारातून आत येते तेव्हा ती पाहुणी असते की मालकीण, स्वयंपाकघरात ती न विचारता शिरते की दारात थांबते, अनिरुद्धनं, म्हणजे पहिल्या नवऱ्यानं, आवाज चढवला तर ती पूर्वीसारखी गप्प होते की उठून जाते, ही सगळी तपासायची ठिकाणं. जिथं तिचं वागणं बदललेलं दिसतं, तिथं ती मालिका फार चांगली होती. थोडक्या शब्दांत अनिरुद्धला जागेवर बसवणारी अरुंधती पहिल्या वर्षातल्या अरुंधतीतूनच आलेली वाटायची. आणि काही ट्रॅकमध्ये ती त्याच माणसाकडून, त्याच प्रकारे, जणू पहिल्यांदाच दुखावली जाते. तिथं तुमची तक्रार शंभर टक्के खरी. गेल्या तीन वर्षांत या माणसाबद्दल तिला जे कळलं, ते त्या दिवशी तिच्याकडून काढून घेतलं होतं.

याचं एक कारण बाहेरून दिसतं. ही गोष्ट मूळ बंगाली, 'श्रीमोयी'. तिच्यावरून मराठीत 'आई कुठे काय करते' झाली, हिंदीत 'अनुपमा', कन्नडमध्ये 'इंती निम्म आशा'. बंगाली मालिका २०२१च्या अखेरीस संपली. मराठी डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. म्हणजे मूळ गोष्टीचा रस्ता संपल्यावरही जवळजवळ तीन वर्षं पुढं जायचं होतं. बाई जागी होते, घराबाहेर पडते, स्वतःच्या पायावर उभी राहते, हा या गोष्टीचा कणा. ती उभी राहिल्यावर गोष्ट खरं तर पूर्ण होते. त्यापुढं चालवायची तर दोनच वाटा: तिला नव्या प्रश्नांसमोर उभं करायचं, किंवा पुन्हा पाडायचं. पाडणं सोपं. तिच्या दुसऱ्या नवऱ्याचा, आशुतोषचा, मृत्यू मला त्या सोप्या वाटेचा वाटला. तिनं निवडलेलं नवं आयुष्य कसं चाललंय, तिथं नव्या कुरबुरी कुठल्या, हे लिहायला अवघड होतं, आणि तेच बघायला आवडलं असतं.

त्या मालिकेत मला सगळ्यात नीट बांधलेली वाटली ती संजना. ती दुसरी बाई म्हणून आली, अनिरुद्धशी लग्न करून त्याच घरात सून झाली, आणि हळूहळू तिच्या वाट्याला तेच दुर्लक्ष आलं जे अरुंधतीनं भोगलं होतं. इथं माणसांना आठवो न आठवो, घराला आठवत होतं. तुमच्या वादात संजनाचं नाव आलेलं दिसत नाही. एकदा सासूबाईंना तिच्याबद्दल विचारून बघा. अरुंधतीला जी सूट त्या देतात, ती संजनाला देतात का?

नणंदेचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण त्याचं उत्तर अगदी उलट आहे. विनोदी पात्रानं विसरायचंच असतं. चिं. वि. जोशींचा चिमणराव दर वेळी त्याच उत्साहानं नव्या भानगडीत शिरतो आणि त्याच प्रकारे फजीत होतो. मागच्या फजितीवरून तो शहाणा झाला असता तर पुढची गोष्टच झाली नसती. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले, तेव्हाही प्रेक्षकांना ती माणसं सुधारायला नको होती. विनोदी पात्र घटनेतून शिकत नाही, पण त्याचा हट्ट, त्याची हौस, त्याचा कंजूषपणा, जे काय असेल ते, दर भागात तस्संच हवं. कंजूष माणूस एका हशासाठी सगळ्यांना कुंद्याचे पुडे वाटताना दाखवला की ते पात्र मोडलं, हशा कितीही मोठा असो. त्यामुळे नणंदेला सांगा: विनोदी मालिकेत पात्राच्या आठवणीऐवजी त्याचा पिंड तपासायचा.

घोळ होतो तो दोन्ही एकाच मालिकेत असले की. 'माझ्या नवऱ्याची बायको' घ्या. राधिका आठवण असलेल्या जातीची. नागपूरकडून आलेली, वऱ्हाडी बोलणारी, मसाल्यांचा व्यवसाय उभा करणारी. तिचा प्रवास पुढं जाणारा होता. तिचा नवरा गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया बरेचदा विनोदी पात्रांच्या नियमानं चालायचे: नवा डाव, नवी फजिती, पुन्हा नवा डाव. म्हणूनच शनायाच्या भूमिकेत रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आली आणि पुढं पुन्हा रसिका सुनील आली, तरी प्रेक्षकांनी फार कुरकुर न करता ते पचवलं. त्या पात्रावर मागच्या वर्षांचं ओझं नव्हतं. राधिकाच्या बाबतीत हे चाललं असतं असं मला वाटत नाही. तुमच्या गल्लीत त्या काळी झालेले वाद आठवा. "गुरुनाथला अजून अक्कल कशी येत नाही?" असं विचारणारे त्याला राधिकाच्या मापानं मोजत होते, आणि "राधिका अजून त्याचा विचार का करते?" असं विचारणारे बरोबर ठिकाणी बोट ठेवत होते.

वाईट पात्र लोकांना आवडतं, याबद्दलही लोक एकमेकांना दोष देतात, म्हणून थोडक्यात सांगते. 'रात्रीस खेळ चाले'च्या दुसऱ्या पर्वात गोष्ट मागं गेली. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीलाच मेलेले अण्णा नाईक तिथं जिवंत दिसले. हा माणूस किती वाईट आहे आणि याच्या वागण्याचे वळ पुढच्या पिढीवर कसे उठणार आहेत, हे बघणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता लोकांना आवडले म्हणजे लोक बिघडले असं होत नाही. तिथं पापाचा हिशेब आधीच दाखवून ठेवलेला होता, त्यामुळे प्रेक्षक निर्धास्तपणे त्या माणसाच्या जवळ जाऊ शकले.

आता तुमची कन्नड मालिका. इथं आपल्या भागातल्या प्रेक्षकाकडे असं काहीतरी आहे जे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाकडे नसतं. कर्नाटकात डबिंगला १९६०च्या दशकापासून विरोध होता. कायद्यानं बंदी नव्हती, पण उद्योगानं ती पाळली आणि पाळायला लावली. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं त्याविरुद्ध निर्णय दिला, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये 'महाभारत'सारखी मालिका कन्नडमध्ये डब होऊन आली. पण त्याआधीची कित्येक वर्षं परभाषेतली गोष्ट कन्नड घरात यायची ती नव्यानं लिहून आणि नव्यानं चित्रित करूनच. त्यामुळे कन्नडमध्ये गोष्टी आपल्याशा करून घेण्याचा हात बसलेला आहे. एकाच कण्याच्या दोन मालिका, दोन घरं, दोन प्रकारची माणसं, आणि दोन्ही भाषा कळणारा प्रेक्षक. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात असे किती तरी लोक आहेत. नाटकाच्या शाळेत जी सोय मुद्दाम करावी लागते, ती तुमच्याकडे रिमोटवर आहे.

ती जास्त का पटली, ते शोधायचं असेल तर असं करा. दोन्हीकडचा एकच प्रसंग निवडा, समजा नवऱ्याचं बिंग फुटतं तो. आधी आवाज बंद करून दोन्ही बघा. त्या क्षणी कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर थांबतो? बायकोच्या चेहऱ्यावर थांबला तर प्रसंग तिच्या दुखावण्याचा होतो. मुलीच्या चेहऱ्यावर थांबला तर एका घराकडे बघणाऱ्या मुलीचा होतो. सासूच्या चेहऱ्यावर थांबला तर इभ्रतीचा होतो. मग आवाज लावून बघा की पहिलं वाक्य कुणाच्या तोंडी आहे आणि त्याआधी किती वेळ शांतता आहे. बरेचदा "ही मालिका मला पटली" याचं कारण गोष्टीत नसतं. तुम्ही ज्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवता, त्या माणसाला तिथं एक क्षण जास्त मिळालेला असतो. आणि एकच थप्पड तीन वेळा, सात चेहऱ्यांवरच्या प्रतिक्रियांसकट दाखवली जात असेल, तर ते कुठल्याही भाषेत बँक संपत आल्याचं लक्षण समजा.

विनोदी कार्यक्रमांबद्दल एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही, ती आपल्या बोलीची. स्किटमध्ये कानडी हेल काढून मराठी बोलणारं पात्र आलं की अर्धा हशा त्या हेलावरच मिळतो. आमच्याकडची मुलं हे बघून स्वतःच्या आईसारखं बोलायला लाजतात, हे मी तालमीत बघते. एका मुलीला सीमाभागातल्या बाईची भूमिका होती. तिच्या घरात बायका "मी येतो", "मी जेवलो" असंच बोलतात. पण रंगमंचावर ती घाईघाईनं "येते", "जेवले" करायची आणि त्या क्षणी पात्र निसटायचं. तिला तिच्याच आजीसारखं बोलू दिलं तेव्हा भूमिका उभी राहिली, आणि कुणी हसलं नाही. पु. लं.नी बेळगावच्या रावसाहेबांचं व्यक्तिचित्र लिहिलं, त्यात ती बोली भरभरून आहे आणि हसूही भरपूर येतं. पण वाचून झाल्यावर लक्षात राहतो तो रावसाहेबांचा जीव, त्यांचं नाटक-संगीताचं वेड, त्यांचं माणसांवरचं प्रेम. हेलामागं माणूस दिसत असेल तर खुशाल हसा. माणूसच नसेल तर ते लिखाण आळशी आहे, आणि तसं मोठ्यानं म्हणायला हरकत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण वाद घालून उपयोग काय, हा प्रश्न यातून निघतोच. मराठी वाहिन्यांचे साप्ताहिक आकडे येतात ते महाराष्ट्र-गोवा या बाजारपेठेचे. कन्नड वाहिन्यांचे येतात ते कर्नाटकाचे. तुमच्या वडगावच्या घरात रोज रात्री मराठी मालिका लागते, पण ज्या आकड्यावर त्या मालिकेचं भवितव्य ठरतं, त्या बाजारपेठेत तुमचं घरच धरलेलं नाही. सीमाभागातल्या प्रेक्षकानं टीव्ही बंद करून निषेध केला, तर तो निषेध मुंबईत कुणाला दिसत नाही. म्हणून इथल्या प्रेक्षकानं लिहायला हवं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावोगावच्या साहित्य संमेलनांत कथाकथन होतं, कविसंमेलन होतं. तिथं मालिकांवर एक तास ठेवायला काय हरकत आहे? गावातल्या बायका ज्या गोष्टी रोज बघतात आणि ज्यांवर रोज भांडतात, त्यांवर माईकसमोर बोलायची संधी त्यांना मिळायला हवी. मला बोलावलं तर मी येईन.

आणि वाहिनीला लिहाल तेव्हा "अरुंधतीची वाट लावली", "लेखक बदला" असं लिहू नका. असे शेरे रोज ढिगानं येतात आणि कुणी उघडून बघत नाही. भागाची तारीख लिहा. लिहा की अमुक तारखेच्या भागात हिला ही गोष्ट कळली होती, अमुक तारखेच्या भागात ती माहीत नसल्यासारखी वागली, मधे असं काय घडलं? सासूबाईंचं मत वेगळं असेल तर तेही त्याच पत्रात, त्यांच्याच शब्दांत घाला. एका घरातली दोन मतं वाचायला मिळणं आम्हा लिहिणाऱ्यांच्या फार कामाचं असतं. अशा पत्राला उत्तर द्यायचं तर समोरच्याला जुने भाग काढून बघावे लागतात. खाली पत्ता पूर्ण लिहा, बेळगाव, कर्नाटक असा. मराठी मालिका महाराष्ट्राबाहेरही रोज बघितल्या जातात, हे मग निदान त्यांच्या टपालात तरी नोंदलं जाईल.